सराव पाठावरचा शेरा

अल नस्र, दोहा
९ ऑक्टोबर २०२२

प्रिय अनीसा,

शाळेने मला कायम केलं. वर्ग पाचवी ब. तुला मिळेल असं आपण दोघी धरून चाललो होतो, तोच. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. अभिनंदन करू नकोस.

इथे सगळीकडे झेंडे लागलेत. वर्ल्ड कपसाठी शाळा महिनाभर बंद राहणार, म्हणून आत्तापासून पोर्शन पळवतोय. आमच्या समोरच्या इमारतीतल्या भाडेकरूंना घरं रिकामी करायला सांगितली आहेत. गिरीशच्या ऑफिसात कुणाला कुठल्या मॅचचं तिकीट मिळालं, याखेरीज विषय नाही. नुपूर परवा म्हणाली, "आई, नाऊ यू आर लाइक अ रिअल पर्सन." ती थट्टेत म्हणाली. अकरा वर्षं मी घरी होते ना. मला ते लागलं आणि त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटलं.

ऑगस्टमधला आपला ओरिएंटेशनचा आठवडा डोक्यातून जात नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी गळ्यात 'ट्रेनी टीचर' अशी पट्टी. नाशिकला सात वर्षं गणित शिकवलेलं इथे कुणी विचारतही नव्हतं. प्रशिक्षणाच्या प्रमुख कुरियन मॅडमनी देशांच्या नावाने गट पाडले. मी ब्राझील, तू कॅमेरून. फुटबॉल ज्याच्या हातात येईल त्याने आपलं नाव आणि त्याच अक्षराचा एक गुण सांगायचा. तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या मुली काय काय सांगत होत्या. तुझ्याकडे चेंडू आला तेव्हा तू म्हणालीस, "अनीसा, ॲक्चुअली हंग्री," आणि हॉल हसून लोळला. मग माझ्या कानाशी, "काय गो ब्राझील, आपण दोघी म्हणजे शिळ्या भाताला फोडणी. वास ताजा, भात कालचाच." मी हसले. पण मनात आलं होतं, तू असशील, मी नाही. हे मी त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं नाही, आणि डायरीत सगळं खरं लिहिते असा माझा समज होता.

आगीच्या सरावाला आपल्याला भर दुपारी मैदानात उभं केलं, तेव्हा तू तुझी फाइल माझ्या डोक्यावर धरलीस. "तुला पित्ताचा त्रास, मला चिपळूणच्या घामाची सवय," म्हणालीस. त्याच दुपारी तू सांगितलंस की व्हिजिट व्हिसा संपत आलाय, पण शाळेने घेतलं की शाळाच व्हिसा करेल, आणि जाफरभाईंनी तुम्हा नवराबायकोसाठी अल वक्र्यात दोन खोल्या बघूनही ठेवल्यात. नऊ वर्षं ते कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत सहा माणसांत राहिले होते. तू खिडकीला कुठला पडदा लावणार तेही ठरवलं होतंस.

मग सराव पाठ. एकमेकींच्या पाठावर शेरा लिहायचा म्हटल्यावर आपल्या दोघींना बी.एड. आठवलं. मागच्या बाकावर बसून निरीक्षणाच्या वह्या भरायच्या, आणि नुसतं 'छान' लिहिलं तर बाई वही परत फेकायच्या. म्हणून मैत्रिणी आधीच ठरवून एक निरुपद्रवी दोष लिहायच्या. तुमच्या कॉलेजातही तेच. तू म्हणालीस, "तू माझा फळा वाईट लिही, मी तुझा लिहिते. फळ्यापायी कुणाची नोकरी गेलेली मी ऐकली नाही." आपण टाळी देऊन सौदा केला.

तुझा पाठ अपूर्णांकांचा होता. तू पिशवीतून खुबूसची गोल रोटी काढलीस आणि सगळ्यांसमोर फाडलीस, अर्धी, पाव. मागच्या बाकावरची छोटी नूरी चार दिवस तोंड उघडत नव्हती. तू तिच्याजवळ जाऊन हिंदीत विचारलंस, आणि ती बोलली, "मॅम, ये तो आधे का आधा है." वर्गाने टाळ्या वाजवल्या. कुरियन मॅडम हे बघायला तिथे नव्हत्या. सुट्टीच्या वेळापत्रकाची मीटिंग म्हणून त्या मध्येच उठून गेल्या. शेरा लिहायला मागे त्या तरुण ट्रेनींपैकी दोन मुली होत्या आणि मी.

चार दिवसांनी तू केबिनमधून बाहेर आलीस, तुझा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी नाव न घेता शेरा वाचून दाखवला होता : शिक्षिका वारंवार हिंदीकडे वळतात, इंग्रजी माध्यमासाठी भाषेची तयारी अपुरी वाटते. तू म्हणालीस, "त्या पोरींपैकी कुणीतरी लिहिलं असेल. लिहू दे, खरंच आहे ते." मी तुझ्या पाठीवर हात ठेवून उभी होते. तासाभराने मला बोलावून मॅडम हसत म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीला तुमचं फळ्यावरचं अक्षर जरा लहान वाटलं.

गेल्या गुरुवारी शाळा सुटताना जाफरभाई गेटपाशी उभे होते. ड्युटीवरून थेट आले होते, हेल्मेट हातातच. तू चिपळूणला परत गेल्यापासून ते पुन्हा कॅम्पात गेलेत. म्हणाले, "ताई, गावी घराजवळच्या शाळेने तिला बोलावलंय, हायस्कुलात, गणितालाच. ती नाही म्हणते. मला शिकवायला येत नाही म्हणते, तिथल्या मोठ्या शाळेने लिहून दिलंय म्हणते. तुमचं ऐकते ती. तुम्ही समजवा." मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र. अनीसा, तो शेरा त्या मुलींचा नाही, माझा आहे. तुझ्या पाठाच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी मॅडमनी मला सांगितलं होतं की तुकड्या एकत्र होणार, दोघींपैकी एकच राहील. तुला मी ते सांगितलं नाही. शेऱ्याचा फॉर्म भरताना आधी फळाच लिहिला होता. मग तो पुसला. मग लिहिलं की तू दोनदा हिंदीत बोललीस, कारण ते खरं होतं, आणि खरं लिहायला कसली लाज. मग 'दोनदा' खोडून 'वारंवार' केलं. नूरी बोलली हे लिहिलं नाही. तुला त्या नोकरीची गरज होती, मला फक्त हवी होती. उद्या मॅडमना सांगेन असं मी महिनाभर रोज डायरीत लिहितेय आणि सांगणार नाही, नोकरीही सोडणार नाही. हेसुद्धा तुला आधीच कळलेलं बरं. माझं तोंड पुन्हा पाहू नकोस, जाफरभाईंना हे पत्र खुशाल वाचून दाखव. पण त्या शाळेला उद्याच्या उद्या होकार कळव. त्या दिवशी त्या वर्गात शिकवता येणारी एकच बाई होती, आणि ती फॉर्म भरत नव्हती.

तुझी म्हणवून घेण्याची हिंमत नसलेली,
विभावरी