जशी आहे तशी

१२ जानेवारी, सोमवार

नोटीस परत आली. पाकिटावर शेरा — "कंपनी अस्तित्वात नाही." मी पाकीट उलटून पाहिलं. जशी काही मागच्या बाजूला सापडणार होती.

वकीलबाई म्हणाल्या, "काकू, तुम्हाला गाडी विकणारी कंपनी त्यांनी बंदच करून टाकली. अगदी रीतसर."

मी विचारलं, "मग तिचे वारस?"

त्यांना हसू आलं. "कंपनीला वारस नसतात हो."

ग्राहक मंचाकडे तक्रार ह्यांनी केली होती. हे गेले, आणि ह्यांच्या जागी माझं नाव लागायला तीन महिने गेले. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, चार फोटो. माणूस मेला तरी त्याच्यामागे लागतात. कंपनी मेली की सुटली.

२० जानेवारी, मंगळवार

गाडी घेतली त्या दुकानावर जाऊन आले. बोर्ड नवा, मासे तेच! तीच त्यांची काचेची पेटी, तोच सोफा, आणि खुर्चीत अत्तर. (नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय. दारातून आत येतो तो आधी वास येतो, म्हणून अत्तर.) नवी कंपनी बायकोच्या नावावर आहे. हा म्हणे नुसता सल्ला देतो.

"बसा मावशी. चहा घेणार? ती कंपनी वेगळी, ही वेगळी. आता मेलेल्यावर कुणी दावा लावतं का, तुम्हीच सांगा."

मेलेला असा बशीत ओतून चहा पीत नाही, हे घरी आल्यावर सुचलं. मला सगळं घरी आल्यावरच सुचतं.

२१ जानेवारी, बुधवार

पाच पँटी खालून आखूड केल्या, दोन चेन बदलल्या. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचली — गिऱ्हाईक, माप, तारीख. एका गिऱ्हाईकाने विचारलं, "खाली ती लाल गाडी कुणाची? धूळ खातेय."

आमची. म्हणजे अर्धी एकीची आणि अर्धी दुसरीची. अपघातातल्या दोन गाड्यांचे धड भाग जोडून केलेली. मेकॅनिकने खाली झोपून बघितलं आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. सांगाड्यावरचा मागचा नंबर पुढच्याशी जुळत नाही, म्हणून ती नावावर होत नाही. विकता येत नाही. भंगारातही देता येत नाही, कारण वकीलबाई म्हणतात तो पुरावा आहे, हात लावू नका.

हे तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होते. पहिली स्वतःची घेतली ती ही. मेकॅनिक गेला त्या दिवशी जेवले नाहीत. "लोक काय म्हणतील, ड्रायव्हरला गाडी कळली नाही." नंतरचे चार महिने पायऱ्या उतरताना तिच्याकडे पाठ करून उतरायचे. मग गेले.

मला पैसे आले तर नको आहेत असं नाही. पण कुणीतरी एकदा कागदावर लिहून द्यावं की चूक ह्यांची नव्हती. तेवढं मिळालं की मी गप्प बसेन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंनी अत्तरालाच त्याच्या स्वतःच्या नावाने दाव्यात ओढलंय. पण म्हणतात, अवघड आहे. बिल अठरा एप्रिलचं. कंपनी बंद झाली तीस एप्रिलला. म्हणजे विक्री कंपनीची, त्याची नाही.

"अहो, गाडी आम्ही एकवीस जूनला घेतली. बिलावर एप्रिल कसं, असं मी तिथेच विचारलं होतं. मशीनमधून जुनी तारीख निघते म्हणाला."

"पुरावा?"

"मी आहे ना."

"काकू, तुम्ही पुरावा नाही. तुम्ही तक्रारदार."

पैसेही रोख दिलेले. तीस वर्षांची पुंजी, पिशवीत घालून. कसला कागद असणार?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मंचापुढे अत्तराच्या वकिलाने एक झेरॉक्स पुढे केली. खालून थोडी कापलेली. त्यावर दोन ओळी — "गाडी जशी आहे तशी घेतली. पुढे तक्रार राहणार नाही." आणि ह्यांची सही.

वकीलबाईंनी मला बाहेर बाकावर नेलं. "सही त्यांचीच?"

"हो."

"आणि वरचं अक्षर? नीट बघा. त्यांचं आहे?"

"नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! कोऱ्या कागदावर सही घेतली आणि मागून मजकूर घातला. काकू, आपण जिंकलो बघा."

मी खोटं बोलले नाही. अक्षर ह्यांचं नव्हतंच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ते अक्षर माझं आहे.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार! मी वाचायला शिकले ती रद्दीतून, दुकानांच्या पाट्यांवरून, एकटीने. कुणी हात धरून गिरवून घेतलं नाही. म्हणून माझा श छापल्यासारखा निघतो, डावीकडे नीट गाठ मारलेला. बाकीचे लिहिताना ती गाठ गुंडाळून टाकतात. "जशी" आणि "तशी". दोन श, दोन गाठी. झेरॉक्सवर मला आधी त्याच दिसल्या.

गाडी घेतली त्या दिवशी अत्तर म्हणाला, एवढ्या दोन ओळी लिहून द्या, सगळेच देतात, रोजचंच आहे. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ह्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. कुणी मला लिहायला सांगतंय! अत्तराने सांगितलं तसं मी जीव ओतून लिहिलं. त्याने कौतुक केलं, "मावशींचं अक्षर म्हणजे मोती." मी "जशी आहे तशी"वर थोडी थबकले होते. हे म्हणाले, "लिही लिही. हिलाही मी जशी आहे तशीच घेतली. कुठे तक्रार केली?" सगळे हसले. मीसुद्धा. मग ह्यांनी खाली सही ठोकली.

एवढा चांगला दिवस होता तो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. "आई, सोड ना आता. तू कशाला स्वतःला असं बांधून घेतलंयस?"

मी बांधून घेतलंय? बरं.

सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन गेले. महिनाअखेर गाडी हलवली नाही तर ओढून बाहेर टाकणार. मी म्हटलं, पुरावा आहे. ते म्हणाले, "वहिनी, तुमचा पुरावा माझ्या पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी उभा आहे." तेही खरंच.

५ मार्च, गुरुवार

सेक्रेटरींनी वीस दिवस वाढवून दिले. दुपारी गाडीत जाऊन बसले. माझ्या बाजूला. ह्यांची सीट अजून मागे सरकवलेली आहे, पाय लांब होते ना.

९ मार्च, सोमवार

वकीलबाईंनी शपथपत्र तयार केलंय. मी वाचल्याशिवाय सही करत नाही, हे त्यांना माहीत आहे. दोनदा वाचलं.

"माझ्या दिवंगत पतींनी विश्वासापोटी कोऱ्या कागदावर सही केली."

"हे वाक्य काढता येईल का?"

"काकू, सगळा दावा त्याच वाक्यावर उभा आहे."

म्हणजे जिंकायचं तर मी शपथेवर सांगायचं की तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे कागद सांभाळणारा माणूस कोऱ्या कागदावर सही करून आला. इतका बावळट. आणि खरं सांगितलं, तर बावळट मी, आणि दावा गेला. इकडे आड, तिकडे विहीर. मधे मी, आणि लाल गाडी.

दोन दिवस मागून घेतले.

११ मार्च, बुधवार

शपथपत्र शिलाई मशीनच्या खणात आहे. सही केली नाही. करणार नाही असंही सांगितलेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

मंचाच्या अध्यक्षबाईंनी शपथपत्राची वाट न बघता मलाच उभं केलं. "हे अक्षर तुमच्या पतींचं आहे का?" मी म्हटलं, नाही. वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यावर भागलं असतं. पुढचं कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "माझं आहे. त्यांनी वाचून सही केली. कोरा कागद नव्हता." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. अत्तर तर इतका खूश की अध्यक्षबाईंनी मूळ कागद मागताच त्याने स्वतः उठून दोन्ही हातांनी दिला.

बाईंनी तो वरून खालपर्यंत वाचला. "सहीखालची ही तारीखही तुम्हीच घातलीत?" मला आठवतही नव्हतं. सवयीचं कुणाच्या लक्षात राहतं? पाहिलं तर माझंच अक्षर. म्हटलं, "हो. तारखेशिवाय मी काहीच लिहीत नाही."

"एकवीस जून," बाईंनी मोठ्याने वाचलं. मग बिल शेजारी ठेवलं आणि अत्तराला विचारलं, "कंपनी तर एप्रिलमध्येच बंद झाली होती ना? मग जूनमध्ये ही गाडी विकली कुणी?"

अत्तराने त्याच्या वकिलाकडे पाहिलं. वकील फायलीत काहीतरी शोधत राहिला.