पाण्याकडे पाठ

तात्या, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी अजून पाखरांच्या माहितीच्या पाट्याच करतेय. धरणाकाठी, टेकड्यांवर, जिथं लोक झाडं-पाखरं बघायला येतात तिथं. पहिली पाटी बसली त्या दिवशी तुम्ही पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर देऊन, रिकामी क्रेटं गाडीला बांधून तसेच धरणावर आलात. पायजम्यावर चिखल. मी नवा ड्रेस घालून उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांची वाट बघत होते, आणि खरं सांगते, मला तुमची लाज वाटली.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. चित्रांवरून बोट फिरवत एकेक पाखरू ओळखलंत, मग मागं वळून पाण्याकडे बघितलंत. "पोरी, पाटी लय भारी हाय. पण वाचणाऱ्याची पाठ पाण्याकडं ऱ्हाती ना. पाखरं मागं अन् मानूस पाटीकडं बघतोय." सकाळचं ऊन पडून फोटो छान यावा म्हणून मीच पाटीचं तोंड पाण्याकडे ठेवलं होतं. तेवढ्यात साहेब आले. "हे कोण?" त्यांनी विचारलं. "इथलेच शेतकरी आहेत, सर," मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत, हात जोडलेत. "येतो म्याडम." रागावला असतात तर बरं झालं असतं. संध्याकाळी तुम्ही आईला सांगताय, "लेकीनं लय मोठं काम केलं," आणि मी चुलीपाशी पाठमोरी बसून भात चिवडतेय. माफी मागायला जीभ रेटली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता माझी प्रत्येक पाटी कमरेइतकी, तिरकी. वाचता वाचता मान वर केली की समोर पाणी. लोक कौतुक करतात आणि मला रडू येतं. गेल्या आठवड्यात त्या पहिल्या पाटीचं तोंड फिरवायचा अर्ज केला. त्यात एक रकाना होता, चूक कोणी लक्षात आणून दिली. बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, 'स्थानिक ग्रामस्थ'. हे पत्र पाठवायला पत्ता नाही; असता तरी माझा धीर झाला नसता. तो रकाना भरताना लाज तुमची नव्हे, माझी मलाच वाटत होती. वडील लिहिलं की कोणीतरी विचारणार, मग तेव्हाच का नाही ऐकलं? त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुम्हाला दुसऱ्यांदा परकं केलं, तात्या.