पाच डॉक्टरांचं निदान

हैदराबाद, ९ जानेवारी १९५८

सौ. अनसूयेस आशीर्वाद.

बोटांची थरथर कमी आहे. अक्षर हललंय ते इथल्या इस्पितळातल्या डुगडुगत्या खाटेमुळं.

पाच डॉक्टरांनी तीन आठवडे टोचून काल निदान केलं, 'इडिओपॅथिक'. अर्थ विचारला, तर थोरले साहेब पुटपुटले, "कारण माहीत नाही." एवढं तर कळंबच्या वैद्यबुवांनी नाडी धरताच कबूल केलं होतं, तेही मराठीत!

वहिनी म्हणे सांगतात, पोराच्या लग्नात तू गोंधळ घातला नाहीस म्हणून देवी कोपली. पाच पदवीधरांना न सापडलेलं कारण त्यांना चुलीपुढं सापडलं! त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

आणि देवीची क्षमा मागायला तू मीठ सोडलंस, हे भाऊनं कळवलं. आजच खायला लाग. ज्या दुखण्याला कारणच मिळेना, त्याचं कारण तू कशी गं?

तुझा,
राघवेंद्र