तेराव्यापर्यंत भट्टी बंद

मी, उत्तरेश्वर ज्ञानोबा कोळगे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, माजी विधानसभा सदस्य, राहणार येरमाळा, तालुका कळंब, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या काळजानं हात टेकले आहेत, डोक्यानं नाहीत. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. खाली लिहिलेली मालमत्ता माझ्या स्वकष्टाची आहे. वडिलोपार्जित रान मुलगा रणधीर याच्या नावे आधीच झालं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

१. राहतं घर रणधीर आणि सून हर्षाली या दोघांना समान हिश्शानं. एकाच्या सहीनं ते विकता येणार नाही.

२. बँकेतली ठेव नात सृष्टीच्या शिक्षणाला. तिनं काय शिकावं हे तिच्या बापानं ठरवू नये.

३. सभागृहातल्या माझ्या भाषणांचे छापील खंड गावच्या वाचनालयाला. त्यांना नको असतील तर रद्दीत घाला, पण भट्टीत घालू नका. दोन वेळा निवडून गेलो आणि दोन्ही वेळा एकच रडगाणं गायलो: आमच्या भागातल्या खव्याच्या भट्ट्या, त्यांना लागणारं लाकूड, आणि त्या धुरात उभं राहून दूध आटवणाऱ्या बायका. तारांकित प्रश्न टाकला, तर उत्तर आलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ माझी बायको विठाबाई हिनं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, “मग माझा खोकला बी अंशतःच हाय का?” भट्ट्या सूर्याच्या उष्णतेवर चालाव्यात म्हणून अशासकीय विधेयक मांडलं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, पेढे आणलेत का? सभागृह पोट धरून हसलं. चर्चेला येण्याआधीच विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झालं.

४. हायवेलगतची शेड, तिच्यावरची सौर यंत्रणा आणि वाफेच्या कढया एकट्या हर्षालीच्या नावे. आमदार निधी खासगी जागेत घालता येत नाही, म्हणून हे सगळं मी स्वतः उभं केलं. रणधीरचा शेडवर हक्क नाही. त्यानं का म्हणून विचारलं तर पुढचं कलम वाचून दाखवावं.

५. शेड सुरू झाली तेव्हा धूर नव्हता, काजळी नव्हती. विठाबाई जन्मात पहिल्यांदा पदर तोंडावर न घेता खवा हलवत होती. मग माझा दोस्त, खव्याचा व्यापारी बंडप्पा आला. चिमूटभर माल जिभेवर ठेवून म्हणाला, “आमदारसाहेब, माल लई पांढरा हाय. भट्टीचा वास न्हाय. हैदराबादवाला घेत न्हाय बघा.” ज्या धुरानं बायकांची छाती भरली, त्याच धुराची गिऱ्हाइकाला चटक! महिन्याच्या आत रणधीरनं शेडच्या मागं लाकडाची भट्टी घातली. बापाच्या सौर शेडमागून निघणारा धूर सगळ्या गावानं पाहिला. विरोधकांना कष्टच पडले नाहीत.

विठाबाई गेली त्या सकाळी घरातली चूल थंड होती. घरात प्रेत असताना आपल्याकडे चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी येते. मागची भट्टी मात्र धडधडत होती. मी रणधीरला विझव म्हणालो. तो म्हणाला, “आबा, दूध कुणासाठी थांबतंय व्हय? कॅन येऊन पडल्यात.” हर्षाली एका हातानं पदर तोंडाला लावून दुसऱ्या हातानं सराटा फिरवत होती. ती रडत होती की धुरानं डोळे वाहत होते, मला कळलं नाही.

आता हर्षाली खोकते. भिंतीपलीकडून मी ऐकतो. विठाबाईचा असाच सुरू झाला होता, कोरडा, पहाटेचा. मला मरणाची भीती नाही, या खोकल्याची आहे. कायदा करता आला नाही, पाया पडून झालं नाही, पोराशी अबोला धरूनही झालं नाही. माझ्याकडे आता फक्त माझं मरण उरलं आहे, तेवढं वापरतो.

६. म्हणून शेवटची इच्छा. माझा प्राण गेल्यापासून तेराव्यापर्यंत भट्टी पेटवू नये. चुलीला प्रेत असेपर्यंत जो नियम, तोच भट्टीला सुतक फिटेपर्यंत. दूध थांबणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा ते सौर कढयांत आटवावं. त्या यंत्राच्या पोटात अग्नी नाही, त्याला सुतक लागत नाही. गुरुजींना विचारून घेतलं आहे. भट्टीमागचा लाकडाचा ढीग माझ्या चितेला न्यावा. एका म्हाताऱ्याला एवढं लाकूड लागत नाही, तरी सगळं न्या. मागं ढलपीही ठेवू नका.

रणधीर, बापाचं सुतक मोडलंस तर गाव बोलेल, आणि गावाला तू भितोस. मी सभागृहात त्या विधेयकाला पंधरा मिनिटं मिळवू शकलो नाही, इथं तेरा दिवस मिळतात का बघतो. हर्षाली, तेवढे दिवस तरी पोटभर श्वास घे. चौदाव्या दिवशी कोण काय करील ते माझ्या हातात नाही. शेड तुझी आहे.

७. बंडप्पाला काही देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून तर त्याला साक्षीदार केला.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केलं आहे.

ठिकाण: येरमाळा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: उ. ज्ञा. कोळगे

साक्षीदार १: डॉ. इंद्रजित सुरवसे, येडशी (सही)

साक्षीदार २: बंडप्पा शिवलिंग हत्तरगे, अणदूर (सही)
साक्षीदारानं मजकूर वाचायचा नसतो म्हणतात, मी वाचला. वहिनीच्या मौतीला मी आलो होतो आणि त्याच दिवशीचा खवा भरून नेला होता. आमदारसाहेब, तेरा दिवस माल पाठवायला सांगा. वास नसला तरी घेतो.