भाच्याच्या कोटाचं उलटं अस्तर

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा (अजून भाऊ मानत असलीस तर) शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहितोय म्हणजे मला वेड लागलंय असं समजू नकोस. तोंड दाखवायची सोय उरलेली नाही, म्हणून लिहितोय.

भाच्याचा कोट कापडामुळे फसला, असं मी परवा तुला ठासून सांगितलं. साफ खोटं. अस्तराचं कापड उत्तम होतं, सुती साटीन. दुकानदाराने मला मोठा शिंपी समजून (जन्मभर मी लेंगे नि गणवेश शिवले, अस्तराशी माझा संबंध काय!) सगळं समजावलं होतं. याच्या विणीत आडवा धागा चार-पाच उभ्या धाग्यांवरून सलग जातो, मग एकदाच खाली दबतो. म्हणून एक बाजू चकचकीत, गुळगुळीत आणि दुसरी साध्या मांजरपाटासारखी. चादरी, अभ्रे, पडदे, अस्तर, सगळ्याला चालतं. फक्त वरचे धागे सैल, नख अडकलं की ओढले जातात. मी नेमकं एवढंच ऐकलं. आपल्या पोराची कुरतडलेली नखं डोळ्यांपुढे आली, आणि ती चकाकी मी आत, कोटाच्या कापडाकडे, जपून ठेवली. खडबडीत बाजू त्याच्या सदऱ्याला! अस्तर असतं ते हात सुळकन जावा म्हणून, हे मला कळायला त्याची मुलाखत व्हावी लागली.

पुढचं तुला ठाऊकच आहे. साहेब म्हणाले, उकडतंय, कोट काढा. कोटाबरोबर सदराही निघाला, बटणं उडाली, पोराचे दोन्ही हात चोर धरल्यासारखे पाठीमागे अडकले. एक बाही साहेबांनी ओढली, दुसरी शिपायाने. सोमवारी पुन्हा बोलावलंय, हा त्यांचा चांगुलपणा. एवढं होऊनही दुकानदारावर खापर फोडताना माझी जीभ झडली नाही. शरमेने मान वर होत नाही बघ.

दाजींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा करंटा भाऊ

ता. क. : खरी विनंती अशी, की कोट माझ्या दुकानासमोरच्या शिंप्याकडे देऊ नकोस. त्याने उसवला की गल्लीभर माझी शोभा. गुपचूप माझ्याकडे पाठव. दाजींना मात्र कापडच वाईट होतं असं सांग.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच समोरचा शिंपी कोट घेऊन आला. (म्हणजे तू आधीच दिला होतास.) अस्तर सुलटं लावून, वर इस्त्री करून. हळूच म्हणाला, “तुम्हीच नेऊन द्या. तुमचंच काम म्हणून.” ताई, चारचौघांत हसला असता तर परवडलं असतं गं. कोट आणि हे पत्र एकाच पिशवीत घालून तुझ्या दाराच्या कडीला अडकवून जातोय. दाजींनाही वाचून दाखव.