साऱ्या मानवतनं ऐकलं, मी सोडून

मानवत,
१४ नोव्हेंबर १९८८

दिनकर यास चन्नप्पाचे शरणार्थ.

इकडं सगळे खुशाल. कापूस बरा उतरला, दुकानात सरकी-पेंडीला गिऱ्हाईक हाय, नीलम्माचं गुडघं दिवाळीपुरतं तरी दुखायचं थांबलं. कमलवहिनी कशा आहेत? पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र फाडलं नसशील, असं धरून पुढं लिहितो. नऊ वर्षांनी लिहायलोय.

आमची महानंदा आठवते का? तिला पाढे तूच शिकवलेस. ती आता औरंगाबादला मानसशास्त्राचं एम.ए. करायलीय. माणसाला आठवतं कसं, लक्ष जातं कुठं, असलं शिकतात म्हणे. दिवाळीला आली ती आमच्यावरच प्रयोग करायला.

"अप्पा, पंधरा शब्द वाचते. मग आठवतील तेवढे लिवा."

कापूस, बोंड, रुई, गाठ, पेंड, घाणा... मी फटाफट अकरा लिहिले.

"यातला सगळ्यात पक्का कोणता?"

"सरकी. ती तर तू दोनदा वाचलीस."

"सरकी मी वाचलीच न्हाई, अप्पा."

मी कागद हिसकावून घेतला. खरंच नव्हती! आणि नीलम्मानंही सरकीच लिहिली होती. महानंदा म्हणाली, आजूबाजूचं ऐकून मन रिकामी जागा आपणच भरतं, आणि भरलेलं खऱ्यासारखंच दिसतं. "तुमी खोटं बोलत न्हाईत. तुमाला तसंच आठवतंय."

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवर बसवलं. डाव्या कानाशी महानंदा पेपर वाचणार आणि मी तिचा शब्द न् शब्द मागोमाग म्हणायचा. उजव्या कानाशी नीलम्मा. झाल्यावर पोरगी विचारते, "आई काय म्हणाली?"

"काय की. पेपरच वाचला असंल."

नीलम्मा पदर तोंडाला लावून हसायली. "पाटल्या मागायलते मघापासून! तुमी हूं का चूं केलं न्हाई!"

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या हसण्यात मला एकोणऐंशीच्या गणपतीतलं नाटक आठवलं.

मी राजा झालो होतो आणि तू पडद्याआड वही घेऊन उभा होतास. दरबाराच्या प्रवेशात माझं वाक्य गेलं. विंगेत बघितलं तर तू वही मिटून हसत होतास, वाक्य सांगितलंच नाहीस, असं मी साऱ्या मानवतला सांगत आलो. लोक हसले, आमचे वडील पहिल्या रांगेतून उठून गेले. त्या दिवसापासून तुझ्याशी बोललो नाही. तू बदली मागून पिंगळीच्या शाळेत गेलास, तेव्हाही दुकानाच्या बाहेर आलो नाही.

महानंदाला म्हणालो, "ही आठवण तरी सरकीची न्हाई. डोळ्यानं बघितलंय." ती म्हणाली, "मग पडताळा." लाऊडस्पीकरवाल्या आश्रुबानं ते नाटक टेप केलं होतं. त्याच्याकडं ट्रंकभर कॅसेटी. दोन दिवस शोधलं.

दिनकर, तुझा आवाज स्पष्ट हाय. "सेनापती, सीमेवरून काय खबर?" एकदा. परत एकदा. तिसऱ्यांदा तर असा ओरडलास की लोक त्यालाच हसले. आश्रुबा म्हणतो, "मागं बसलेल्या बायांनी ऐकलं ते. तुमालाच कसं ऐकू आलं न्हाई?"

कसं येणार? वडिलांना माझं नाटक पसंत नव्हतं. मी सारा वेळ त्यांचं तोंड बघत होतो. कान उघडे होते, पण मी तिथं नव्हतोच.

टेप पाचदा ऐकली. पाचव्यांदा मी आणि आश्रुबा पोट धरून हसलो. हसता हसता माझे डोळे वाहायला लागले आणि मग थांबेनात.

आता जे लिहायचं टाळतोय ते. तुझ्या माई गेल्या तेव्हा मी आलो होतो. पिंगळीच्या स्टेशनवर उतरलो, बाकावर बसलो आणि उलट्या गाडीनं परत आलो. स्टेशनाबाहेर पडलोच नाही, म्हणून तिकीट माझ्याकडंच राहिलं. ही आठवण मनानं भरलेली नाही रे. तिकीट अजून खणात हाय.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तू सांगत होतास, मीच ऐकलं नाही. मला माफ कर.

तुझा, फार उशिरा ऐकणारा,
चन्नप्पा


पिंगळी,
१८ नोव्हेंबर १९८८

चन्नप्पा,

नमस्कार नंतर. आधी एक सणसणीत शिवी मनातल्या मनात देऊन घेतो. नऊ वर्षं, गाढवा!

बरं. तीनदा सांगितलं हे खरं. पण चौथ्यांदा तुझा तो भेदरलेला मुकुट बघून मला हसू फुटलं. वही मिटून तोंडावर धरली. नेमकं तेवढंच तू बघितलंस. म्हणजे तू अगदीच खोटा नाहीस.

आता माझं ऐक. दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या दारी आलो आणि तू कडी लावून घेतलीस, असं मी इथं सगळ्यांना सांगत आलोय. काल तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. कमल म्हणाली, "कवा गेलतात तुमी? चपला घातल्या, ओट्यावर बसलात, आन् परत काढल्या." मी तासभर भांडलो. मग उमगलं की ती कडी मला महानंदाची शिकवणी घेताना रोज दिसायची. तू लावलीच नव्हतीस. आम्ही दोघं सारखेच, चन्नप्पा.

माई शेवटी तुझं नाव घेत होती, असं लिहिणार होतो. पण आता माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिला नाही, म्हणून कमलला विचारलं. ती म्हणाली, घेत होती. दोनदा.

रविवारपर्यंत मला दम निघायचा नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या मीच घेऊन येतो आणि तुझ्या हातात देतो. तू वाचेपर्यंत समोर गप्प बसेन. वाचताना तुला दुसरं काही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

झालं वाचून? मग मान वर कर.

दिनकर