धाकटीचे रक्त, माझ्या पेशी

मी, खाली सही करणारी, विषाणू प्रयोगशाळेतील संशोधक, शरीराने पार खिळखिळी झाले असले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला आहे आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी.

प्रयोगशाळेत मी स्वखर्चाने आणलेली खुर्ची आमच्या साहेबांना द्यावी. तिचा एक पाय डुगडुगतो. यकृताच्या गाठीपासून वाढवलेल्या जुन्या पेशींवर साहेबांचा फार जीव. त्या भराभर वाढतात, पण हिपॅटायटिस बीच्या विषाणूला आतच घेत नाहीत. मग त्यांच्यात संसर्ग कसला बघायचा, असे मी भर बैठकीत विचारले, तेव्हापासून साहेबांनी अबोला धरला आहे.

धाकटीला हा विषाणू जन्मतःच आईकडून आला. मी आईच्या आजारपणाआधीची, म्हणून सुटले. गोळ्यांनी तो दबतो, जात नाही. आत्याने घरात तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता. पेल्याने हा रोग पसरत नाही, हे मी पुढे कानीकपाळी ओरडून सांगितले, तरी तिचा हेका सुटला नाही. तो पेला आत्यालाच द्यावा आणि तिने त्यातून चारचौघांत पाणी प्यावे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर निघालेल्या निरोगी यकृताच्या तुकड्यातून सहकारी बाईंनी पेशींचे बारीक गोळे वाढवले आहेत. ते बरेचसे खऱ्या यकृतासारखे वागतात. विषाणू त्यांच्यात शिरतो. धाकटीच्या रक्तातला विषाणू त्यांच्यात सोडून नवे औषध तपासावे, अशी माझी इच्छा आहे. पण ती रक्त द्यायला तयार नाही.

"ताई, तुझं तेवढंच काय ते धड राहिलंय. त्यालाही माझा रोग लावू?"

"अगं, त्या पेशी आहेत. मी नाही."

"तू गेल्यावर त्या तरी असतील ना!"

याचे उत्तर इथे लिहिते.

धाकटे, ते गोळे जपून मी उरणार नाही. तू उरावीस, एवढेच मला हवे आहे. मला निरोप दिलास की प्रयोगशाळेत जा आणि बाही वर कर. लहानपणी मी मुद्दाम तुझ्या पेल्यातून पाणी प्यायचे, तेव्हा "ताई, तुला होईल" म्हणून तू रडायचीस. तेव्हा नाही झाला. आता होऊ दे.

सही: धाकटीची ताई

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, साक्षीदार:
खालच्या मजल्यावरचे शिंपी
कोपऱ्यावरच्या औषधदुकानातल्या बाई

स्थळ: राहत्या घरातील मागची खोली
दिनांक: आजचा रविवार, पुढच्याची खात्री नाही